अभय आणि माफी

एका गटाच्या मागच्या गुन्ह्यांवर किंवा थकबाकीवर कारवाई न करण्याचे शासन जाहीर करते, त्याला अभय म्हणतात. माफी वेगळी. राज्यघटनेच्या 72 आणि 161 या अनुच्छेदांनुसार राष्ट्रपती व राज्यपाल ती एकेका दोषीला देतात. अभय मिळायला शिक्षा झालेली असावी लागत नाही.

खानदेशाला हे नवे नाही. भिल्लांची बंडे नुसत्या बंदुकीने शमेनात, तेव्हा इंग्रजांनी जुने गुन्हे माफ करून त्यांना नोकरीत घेतले. 1825 मध्ये इंग्रज लष्करी अधिकारी आउट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभारली. हे औदार्य कमी, हिशेब अधिक. 1857 च्या बंडवाल्यांना अभय देणाऱ्या राणी व्हिक्टोरियाच्या 1858 च्या जाहीरनाम्यात तर मुदत होती: 1 जानेवारी 1859 पूर्वी शरण या. इंग्रज प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष हात असलेल्यांना मात्र तो लागू नव्हता.

आज हा शब्द बहुधा कराच्या नोटिशीसोबत येतो. महाराष्ट्र राज्याची मुद्रांक शुल्क अभय योजना 1 डिसेंबर 2023 पासून लागू झाली. समजा, जळगावच्या मेहरूणमधल्या घराचा 1995 चा करार कमी किमतीच्या स्टँप पेपरवर झालेला आहे. कमी भरलेल्या शुल्कावर दरमहा दोन टक्के दंड चढतो, पार चौपटीपर्यंत. पहिल्या टप्प्यात अर्ज केल्यास, कमी पडलेली रक्कम लाखाच्या आत असेल तर, शुल्क आणि दंड दोन्ही पूर्ण माफ होत असे. वेळेवर पूर्ण शुल्क भरणाऱ्या शेजाऱ्याला यातून काहीच मिळाले नाही.