पावसाच्या सुट्टीचे पुरुमेंत

अमेरिकेत अथवा कॅनडात स्थायिक झालेल्या आप्तांकडून तेथील हिमसुट्टीच्या गोष्टी आपण ऐकतो. रात्रभर बर्फ पडते, रस्ते झाकले जातात, पहाटे शाळा बंद असल्याचे कळते आणि मुले आनंदाने उड्या मारू लागतात. आमच्या पेडणे-डिचोलीत हिम कोठले! परंतु वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेणाऱ्या या भूमीत त्या सुट्टीची सख्खी बहीण आहे, ती म्हणजे पावसाची सुट्टी. ८ जुलै २०२४ रोजी, सोमवारी, वेधशाळेच्या लाल इशाऱ्यामुळे गोव्यातील बारावीपर्यंतचे सर्व वर्ग बंद ठेवण्यात आले. आदल्याच दिवशी सत्तरीतील पाली धबधब्यावर गेलेली माणसे ओहोळाला अकस्मात पाणी चढल्याने अडकून पडली होती व त्यांना दोरांच्या साह्याने बाहेर काढावे लागले होते. तेव्हा सुट्टी उचितच होती, याविषयी दुमत नाही.

आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. सुट्टी जाहीर झाली म्हणजे मूल सुरक्षित झाले, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः सुट्टीने केवळ रस्त्यावरचा धोका टळतो. आषाढात घरची वडीलधारी मंडळी तरवा लावण्यासाठी शेतात असतात, कोणी कारखान्यात, कोणी पणजी-म्हापशाच्या कचेरीत. शाळेत जे मूल पाच तास शिक्षकांच्या नजरेखाली राहिले असते, ते आता एकट्या घरात असते, आणि घराच्या मागे व्हाळ दुथडी भरून वाहत असतो. आमच्या दोन्ही तालुक्यांत व्हाळाहूनही फसवी जागा म्हणजे सोडून दिलेल्या चिरेखाणी. पावसाळ्यात त्या काठोकाठ भरतात. पाणी संथ दिसते, पण कडा सरळ कापलेल्या असल्याने पहिल्या पावलालाच तळ लागत नाही आणि वर येण्यास हाताला धरायला काही नसते. जिल्हा प्रशासन पावसाळ्यात अशा ठिकाणी पोहण्यास बंदी घालते खरे, पण दहा वर्षांचे मूल बंदीहुकूम वाचत नाही. त्याला त्या कडेवर प्रत्यक्ष नेऊन, लांब बांबू पाण्यात सोडून खोली दाखविणारा बाप अधिक उपयोगी. हे काम मे महिन्यातच उरकावे, आणि तेही कडेपासून हातभर मागे उभे राहून.

मे महिन्याचा उल्लेख आम्ही जाणून केला. गोमंतकीय घराला पुरुमेंत शिकवावे लागत नाही. सुके मासे, सोले, मीठ, मिरच्या, पापड, सरपण ही चार महिन्यांची बेगमी पहिल्या सरीपूर्वी घरात येते. त्याच वेळी मुलाच्या सुट्टीचेही पुरुमेंत व्हावे. त्यात मुख्य वस्तू एकच : शाळा अचानक सुटली आणि घराला कुलूप असले, तर मुलाने कोणाकडे जायचे? मोबाइलवर संदेश येतो हे मान्य; परंतु ऐन वादळात वीज जाते, डोंगराआडच्या वाड्यावर आवाज पोचत नाही, आणि आई चिखलात उभी असते. आमच्या शाळेत एक साधी वही आहे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन घरे लिहिलेली असतात, आणि ती दोन्ही व्हाळाच्या अलीकडची. ही अखेरची अट पालकांना प्रथम चमत्कारिक वाटते, पण साकवावरून पाणी जाऊ लागले की तिचा अर्थ उमगतो.

नदीविषयी एक गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. शापोरा नदीचे पाणी महाराष्ट्रातील सह्याद्रीतून, दोडामार्गाकडून, तिळारीच्या मार्गाने येते. त्यामुळे आपल्या अंगणात ऊन पडले असतानाही घाटमाथ्यावरचा पाऊस किंवा धरणातून सोडलेले पाणी नदी फुगवू शकते. २३ जुलै २०२१ च्या महापुरात साळ, इब्रामपूर, हसापूर, चांदेल या बाजूच्या लोकांनी हे सोसले आहे. १९८२ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर असल्याचे त्या वेळी मुख्यमंत्र्यांनी सांगितले होते. 'पाऊस थांबला, आता काठावर जाऊ' हा मुलांचा तर्क आमच्या भागात चालत नाही. तुटलेल्या वीजतारांपासून दूर राहणे व चिखलातून आल्यावर पाय साबणाने धुणे, हे तर प्रत्येक आजी सांगतेच.

एवढी तजवीज झाली, की मग सुट्टी खुशाल भोगू द्यावी. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्क शहराने बर्फामुळे शाळांच्या इमारती बंद ठेवून मुलांना घरबसल्या संगणकावर वर्ग दिले. सकाळीच कित्येकांना त्या यंत्रणेत प्रवेशच मिळेना. आम्हांला ही हौस अनाठायी वाटते. पावसाच्या दिवशी मुलाने पाऊस पाहावा. भाजलेल्या आठळ्या खाव्यात, कागदी होड्या अंगणातल्या पाण्यात सोडाव्यात, आजोबांकडून भजनाचा ठेका मांडीवर वाजवायला शिकावे. चिखलाचेही वावडे नको. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी थोर माणसे चिखलकाला खेळतात, तेथे मुलांना काय म्हणून अडवावे? चतुर्थीच्या माटोळीला कोणती रानफळे लागतात, ती कोठे मिळतात, याची यादी घरातल्या जाणत्या माणसाला विचारून लिहून काढण्यास याहून चांगला दिवस नाही.

आणि एक छंद तर आम्ही आग्रहाने लावतो. सरळ भिंतीचा रिकामा डबा अंगणात, झाडापासून व पागोळ्यांपासून दूर ठेवावा. सकाळी साडेआठला, म्हणजे वेधशाळेच्याच वेळेला, आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजावी. साडेचौसष्ट मिलिमीटर भरले तर वेधशाळेच्या भाषेत तो मुसळधार. दोनशे चारच्या वर गेले तर कोष्टकातील सर्वांत वरची पायरी; कंपासपेटीतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी तेथे पुरत नाही, आणि लाल इशारा म्हणजे काय ते मुलाला त्या बुडालेल्या पट्टीवरून कळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या छपरावर शंभर मिलिमीटर पडला तर किती, हे गणित चौथीचे मूल सहज सोडवते, आणि दहा हजार लिटर हे उत्तर आल्यावर आपले चुकले असावे म्हणून पुन्हा करून पाहते.

सुट्टीनंतरच्या दिवशी हे आकडे फळ्यावर लिहिले जातात. एकाच गावातले आकडेही जुळत नाहीत. मग वाद होतात, डोंगराकडच्या वाड्यावर अधिक पाऊस का, याचा ऊहापोह होतो, आणि चारशे मिलिमीटर सांगणाऱ्या एखाद्याचा डबा पागोळीखाली ठेवलेला होता, असे बरेचदा निष्पन्न होते.