स्विचला क्रमांक कोण देतो?

डिस्क स्टोरेजच्या जाळ्यात नवा स्विच जोडला की त्याला सगळ्यात आधी क्रमांक लागतो. हा क्रमांक १ ते २३९ यांच्यातला असतो. त्याला डोमेन आयडी म्हणतात. एका जाळ्यात एकच क्रमांक दोन स्विचकडे असून चालत नाही, आणि क्रमांक मिळेपर्यंत नव्या स्विचला जोडलेला कोणताही सर्व्हर आपल्या डिस्कपर्यंत पोहोचू शकत नाही. तरीही हे क्रमांक वाटायला कोणी माणूस बसलेला असावाच लागतो असे नाही. स्विच आपापसांत बोलतात, एकाला प्रमुख ठरवतात आणि त्याच्याकडून क्रमांक घेतात. सगळे काही सेकंदांत उरकते.

बँक, रुग्णालय किंवा रेल्वे आरक्षण यांसारख्या ठिकाणी महत्त्वाची माहिती सर्व्हरच्या पोटातल्या डिस्कवर क्वचितच असते. डिस्क वेगळ्या कपाटांत असतात, सर्व्हर वेगळ्या रॅकमध्ये असतात आणि मध्ये स्विचचे स्वतंत्र जाळे असते. या रचनेला स्टोरेज एरिया नेटवर्क किंवा थोडक्यात सॅन म्हणतात. मोठ्या सॅनमध्ये अनेक वर्षे फायबर चॅनल हे तंत्र चालत आले आहे. त्याचे पहिले मानक १९९४ साली अमेरिकेच्या मानक संस्थेने मंजूर केले. एकमेकांना जोडलेल्या स्विचच्या समूहाला या क्षेत्रात ‘फॅब्रिक’ म्हणतात.

फॅब्रिकमधल्या प्रत्येक सर्व्हरला आणि डिस्कच्या कपाटाला २४ बिटांचा पत्ता मिळतो. त्याचे आठ-आठ बिटांचे तीन भाग असतात. पहिला भाग स्विचचा डोमेन आयडी, दुसरा त्या स्विचवरचा विभाग आणि तिसरा पोर्ट. भारतातल्या पिनकोडची बांधणी अशीच आहे. टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. ४११०३० या आकड्यातला पहिला ४ पाहिला की पत्र महाराष्ट्र-गोव्याच्या बाजूला निघते, ४११ पाहिले की पुण्याला जाते, आणि शेवटचे तीन अंक पुण्यात पोहोचल्यावरच पाहायचे असतात. दिल्लीतल्या टपाल कर्मचाऱ्याला पुण्यातल्या पेठा ठाऊक असण्याची गरज नाही. फॅब्रिकमधला स्विचही येणाऱ्या माहितीच्या पत्त्यातले पहिले आठ बिट वाचतो आणि ती कोणत्या केबलने पुढे पाठवायची हे ठरवतो. दोन स्विचचा क्रमांक एकच असला तर ही सगळी व्यवस्था कोसळते.

आता एक प्रश्न साहजिक आहे. प्रत्येक स्विचला कारखान्यातच एक नाव दिलेले असते. ६४ बिटांच्या या नावाला वर्ल्ड वाइड नेम म्हणतात. त्यातला एक भाग आयईईई ही संस्था प्रत्येक उत्पादकाला नेमून देते आणि उरलेले अंक उत्पादक स्वतः भरतो, त्यामुळे जगात दोन स्विचचे नाव सारखे नसते. मग त्यावरच काम का भागवू नये? कारण नावावरून ओळख पटते, ठावठिकाणा कळत नाही. शेजारीशेजारी बसवलेल्या दोन स्विचच्या नावांत काहीच नाते नसू शकते. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर एवढे लांब नाव लिहायचे आणि प्रत्येक स्विचने सगळ्यांच्या नावांची यादी चाळायची, तर वेग राहणार नाही. म्हणून नाव कायमचे आणि लांब, पत्ता आखूड आणि त्या फॅब्रिकपुरता, अशी विभागणी झाली.

याआधीच्या काळात क्रमांक हाताने द्यावे लागत. १९८६ साली प्रमाणित झालेल्या स्कझी पद्धतीत एका केबलवर ० ते ७ असे आठच क्रमांक असत. डिस्कच्या मागच्या बाजूला पिनांच्या जोड्या असत, त्यांवर जंपर नावाची इवलीशी टोपणे बसवून क्रमांक ठरे. तीन जोड्या म्हणजे तीन बिट. तिन्हींवर टोपण म्हणजे ७, आणि हा क्रमांक बहुधा संगणकाच्या स्वतःच्या कार्डाकडे असे. दोन डिस्कवर एकच क्रमांक लागला तर संगणकाला त्या धड दिसत नसत. मग केस उघडायची, विजेरी घ्यायची, चिमट्याने टोपण काढून दुसऱ्या जोडीवर बसवायचे. सात डिस्क असताना हे जमून जाई. शेकडो डिस्क झाल्यावर जमणे शक्य नव्हते.

फायबर चॅनलच्या सुरुवातीच्या काळात डिस्क एका वर्तुळात जोडल्या जात. तिथे क्रमांक आपोआप ठरू लागले. ती पद्धत इतकी सुबक आहे की तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. वर्तुळात १२७ क्रमांक उपलब्ध असतात. नवी डिस्क आली की सगळे काम थांबते आणि ज्याचे कारखान्यातले नाव सर्वांत लहान तो वर्तुळाचा तात्पुरता मुख्य होतो. मात्र वर्तुळाला स्विच जोडलेला असेल तर तो मान स्विचचा. मग मुख्य एक कोरा तक्ता पाठवतो. त्यात प्रत्येक क्रमांकासाठी एक बिट असतो. तक्ता हातोहाती फिरतो आणि प्रत्येक जण आपल्या क्रमांकावर खूण करून तो पुढे देतो. पण सगळ्यांनी एकाच फेरीत खूण करायची नसते. पहिली फेरी स्विचने आधी दिलेला क्रमांक ज्यांच्याकडे आहे त्यांची. दुसरी फेरी मागच्या वेळी ज्यांनी स्वतः क्रमांक मिळवला होता त्यांची. तिसरी फेरी ज्यांचा क्रमांक कपाटातल्या खणावरून ठरतो त्यांची. उरलेल्यांनी शेवटच्या फेरीत रिकामी जागा शोधायची. जुन्यांचा हक्क आधी, नव्यांना मागाहून, असा हा क्रम आहे. पंगतीत पाने मांडताना हेच धोरण पाळले तर कोणालाही उठवावे लागत नाही.

वर्तुळ मागे पडून स्विचचे फॅब्रिक आले तेव्हा हाच विचार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. केबल जोडताच दोन स्विच आधी एकमेकांच्या तांत्रिक अटी जुळतात का हे पाहतात. वेळमर्यादेसारखे आकडे जुळले नाहीत तर बोलणे तिथेच संपते. जुळले की प्रमुख ठरवण्याचे काम सुरू होते. प्रत्येक स्विच सुरुवातीला स्वतःलाच प्रमुख मानतो आणि शेजाऱ्यांना दोन गोष्टी कळवतो : आपला अग्रक्रम आणि आपले कारखान्यातले नाव. अग्रक्रमाचा आकडा जितका लहान तितका मान मोठा. आकडे सारखे असले तर लहान नावाचा स्विच जिंकतो. आपल्यापेक्षा सरस कोणी आहे असे कळले की स्विच आपला दावा सोडतो आणि त्या सरस स्विचचे नाव पुढच्या शेजाऱ्यांना सांगू लागतो.

समजा, तीन स्विच ओळीने जोडलेले आहेत. तिघांचाही अग्रक्रम १२८ आहे, आणि नावांचे शेवटचे अंक सोडले तर बाकी सगळे सारखे आहे. डावीकडच्या नावाचा शेवट ३४, मधल्याचा ५७ आणि उजवीकडच्याचा २१. मधल्याला डावीकडून ३४ कळतो तेव्हा तो स्वतःचा दावा सोडून ३४ला प्रमुख मानतो. क्षणभराने उजवीकडून २१ येतो. मधला आपले मत पुन्हा बदलतो आणि डावीकडे २१चा निरोप देतो. आता तिघांच्या नोंदीत एकच नाव आहे. तरीही निकाल लगेच लागत नाही, कारण एखादा निरोप वाटेत असू शकतो. ठरलेली मुदत पाच सेकंदांची असते, तिच्या दुप्पट म्हणजे दहा सेकंद कोणीही नवे नाव आणले नाही की २१ प्रमुख ठरतो. तिघांपैकी कोणाकडेही संपूर्ण जाळ्याचा नकाशा नव्हता, प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याचे ऐकले, आणि तरी सगळे एकाच निर्णयावर आले.

प्रमुख आधी स्वतःला क्रमांक घेतो आणि आपल्याला लागून असलेल्यांना तसे कळवतो. मग शेजारी त्याच्याकडे क्रमांक मागतात. मागताना ते आपली पसंती सांगू शकतात, आणि ती बहुधा आधीच्या वेळचा क्रमांक असते. तो मोकळा असेल तर तोच मिळतो. नसेल तर प्रमुख दुसरा देतो किंवा नकार देतो. क्रमांक मिळालेला स्विच पुढच्या शेजाऱ्याला निरोप देतो आणि त्याची मागणी प्रमुखापर्यंत पोहोचवतो. अशा रीतीने क्रमांकवाटप मध्यापासून कडेपर्यंत सरकत जाते. आता कुठे सर्व्हर आणि डिस्क पत्ता मागू शकतात. त्या वेळी सर्व्हरचा स्वतःचा पत्ता शून्य असतो. तो सर्वांना ठाऊक असलेल्या एका राखीव पत्त्यावर अर्ज करतो आणि उत्तरात त्याला २४ बिटांचा पत्ता मिळतो. राखीव पत्ते सगळ्यात वरच्या टोकाचे असतात. २५६ आकड्यांपैकी डोमेन आयडीसाठी २३९च उरतात, त्यामागे अशी राखून ठेवलेली जागा आहे.

आपोआप क्रमांक देण्याची खरी कसोटी दोन चालू फॅब्रिक जोडताना लागते. दोन कार्यालयांचे एकत्रीकरण झाले, त्यांची स्टोरेज जाळी वेगवेगळी होती आणि मध्यरात्री कोणीतरी दोन्हींमध्ये केबल जोडली. दोन्हीकडे १ क्रमांकाचा स्विच आहे, कारण कारखान्यातून आलेला क्रमांक कोणी बदललाच नव्हता. आता दोन मार्ग उरतात. पहिला, दोन्ही बाजूंचे सगळे क्रमांक मोडून नव्याने वाटप करणे. मानकात त्याची सोय आहे, पण त्या काळात सगळी वाहतूक थांबते. दुसरा मार्ग, जोडणी नाकारून दोन्ही फॅब्रिक वेगळेच राहू देणे. केबल जोडलेली दिसते, दिवाही लागतो, पण माहिती जात नाही आणि लॉगमध्ये डोमेन क्रमांक एकमेकांवर आल्याची नोंद उरते. नाकारणे हेच योग्य आहे. रात्री चालू असलेले व्यवहार तोडण्यापेक्षा जोडणी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलेली बरी.

क्रमांक एकमेव असणे पुरेसे नाही, तो टिकायलाही हवा. आयबीएमच्या एआयएक्स आणि ह्युलेट-पॅकार्डच्या एचपी-यूएक्स या सर्व्हर प्रणालींच्या जुन्या आवृत्त्या डिस्क ओळखताना फॅब्रिकमधल्या पत्त्यावर विसंबून असत. स्विचचा डोमेन आयडी ५ होता तो ६ झाला, तर त्याच्यावरच्या प्रत्येक डिस्कचा पत्ता बदलतो. डिस्क तीच, तिच्यावरची माहिती तीच, कारखान्यातले नावही तेच, पण सर्व्हरच्या लेखी जुनी डिस्क हरवली आणि एक अनोळखी डिस्क आली. एचपी-यूएक्सने २००७ सालच्या आवृत्तीत डिस्कच्या कायम नावावर आधारलेली पद्धत आणली, आणि एआयएक्सनेही पत्त्यातला बदल पाठलाग करून टिपण्याची सोय दिली. तोपर्यंत वीज जाऊन आली आणि स्विच वेगळ्या क्रमाने सुरू झाले, एवढ्यानेही सकाळी गोंधळ होऊ शकत असे.

म्हणून उत्पादकांनी आपोआप वाटपाला एक खुंटी मारली. सिस्कोच्या स्विचमध्ये क्रमांक ‘पसंतीचा’ की ‘स्थिर’ हे ठरवता येते. ब्रोकेडमध्ये क्रमांकाचा आग्रह धरण्याची सोय आहे. असा स्विच ठरलेला क्रमांक मिळाला तरच फॅब्रिकमध्ये येतो, नाहीतर बाहेर राहतो. प्रमुख कोण व्हावा हेही अनुभवी अभियंते नशिबावर सोडत नाहीत. एकाच मालिकेतले लहान नाव बहुधा आधी बनलेल्या यंत्राचे असते, म्हणजे अग्रक्रम न दिल्यास फॅब्रिकमधला जुना स्विच प्रमुख होण्याची शक्यता जास्त. मधोमध बसलेल्या दणकट स्विचला मुद्दाम लहान आकडा देणे हाच शहाणपणा.

वेगवेगळ्या कंपन्यांचे स्विच एकत्र चालवताना मर्यादा आणखी आवळतात. परस्परमेळाच्या एका पद्धतीत मॅकडेटा या कंपनीच्या स्विचसाठी सगळ्यांना ९७ ते १२७ एवढेच, म्हणजे ३१ क्रमांक वापरावे लागत.

डिस्कच्या कपाटांच्या आतही छोटे स्विच असतात. तिथे अडचण वेगळी आहे. कपाटाच्या मागच्या बाजूला दोन नियंत्रक कार्डे असतात, एक बिघडले की काढून दुसरे बसवायचे असते. नव्या कार्डाने स्वतःचे कारखान्यातले नाव लावले तर त्यामागच्या सगळ्या डिस्कची ओळख बदलल्यासारखी होईल. त्यामुळे बऱ्याच रचनांत ओळख कार्डावर नव्हे, तर कपाटाच्या मधल्या पाटीवरच्या छोट्या स्मृतीत साठवतात. खण डावा की उजवा हे पाटीवरच्या ठरावीक पिना सांगतात. कार्ड आत सरकवताच ते कपाटाचा क्रमांक वाचते, पिनांवरून आपली बाजू ओळखते आणि दोन्ही जोडून आधीच्या कार्डाचीच ओळख धारण करते. कपाटाचा स्वतःचा क्रमांक मात्र अजूनही पुष्कळ ठिकाणी माणूसच ठरवतो, चाकाने किंवा बटण दाबून, पुढच्या बाजूला दोन अंक उमटेपर्यंत.

२३९ क्रमांकांची अडचण एकाच पेटीत एकत्र बसवलेल्या पातळ सर्व्हरांनी वाढवली. अशा प्रत्येक पेटीत स्वतःचे एक-दोन स्विच येऊ लागले, आणि प्रत्येकाने डोमेन आयडी मागितला तर साठा लवकर संपेल. उपाय असा निघाला की पेटीतल्या स्विचने क्रमांक मागायचाच नाही. तो प्रमुख ठरवण्याच्या प्रक्रियेत भाग घेत नाही, वरच्या मोठ्या स्विचला स्वतःची ओळख साध्या सर्व्हरसारखी करून देतो आणि आपल्या मागच्या सगळ्या सर्व्हरांचे अर्ज त्याच्याकडे पोहोचवतो. त्या सर्व्हरांना मिळणाऱ्या पत्त्यात डोमेन आयडी मोठ्या स्विचचा असतो. पेटी काढून दुसरी बसवली तरी फॅब्रिकमध्ये प्रमुख नव्याने ठरवावा लागत नाही.