आजारी पडण्याचा अधिकार

घरात मुलाला ताप आला की आई त्याच्या कपाळावर हात ठेवते, ‘आज शाळेत जाऊ नकोस’ असे सांगते आणि चुलीवर पेज चढविते. रोग शरीरात उद्भवतो हे खरे. परंतु माणूस ‘आजारी’ ठरतो तो भोवतालच्या माणसांनी तसे मान्य केल्यावरच.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी 1951 साली हाच विचार शास्त्रीय रीतीने मांडला. आजाऱ्याला समाज नित्याच्या कामातून सूट देतो आणि आजाराबद्दल त्याला दोषी धरीत नाही. उलट त्याने लवकर बरे होण्याची इच्छा धरावी व वैद्याचा सल्ला पाळावा, अशी समाजाची अपेक्षा असते. पण ही सूट सर्वांनाच सारखी मिळते काय?

छत्तीसगडमधील भिलाईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सोव्हिएत रशियाशी 1955 साली झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कारखान्याबरोबर आखीव नगर वसले आणि सेक्टर 9 मध्ये मोठे रुग्णालय झाले. कायम कामगाराला ताप आला, तर त्याला पगारी रजा आहे आणि कुटुंबासह उपचारांची सोयही आहे. त्याच परिसरात ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणाराही आहे. तो घरी निजला की त्या दिवसाची मजुरी बुडते; म्हणून तो अंगातला ताप लपवून कामावर जातो. दीर्घकाळ येथे अभ्यास केलेले ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी नोंदविले आहे की, येथील लोक पहिल्याला ‘नौकरी’ आणि दुसऱ्याला नुसते ‘काम’ म्हणतात. ताप एकच, एकाला तो विश्रांती देतो, दुसऱ्याला उपास घडवितो.

या विषमतेवर उपाय शोधला तो भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांनी. 1977 च्या जूनमध्ये तेथे झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ, शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील संघटनेने 3 जून 1983 रोजी ‘शहीद रुग्णालय’ सुरू केले. त्यासाठी मजुरांनी वर्गणी दिली आणि श्रमदानही केले. औषधांबरोबरच अतिसारात मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे हे घरोघरी समजावे, अशी खटपट तेथील डॉक्टरांनी व कार्यकर्त्यांनी केली. दारूविरुद्ध तर संघटनेने आधीच मोहीम उघडली होती. आरोग्याचा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीबाहेर, मजुरी आणि राहणीपर्यंत पोचतो, हे त्या कष्टकऱ्यांनी ओळखले होते.

वाचकहो, भिलाई दूर असेल. पण आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई दूर नाही. ती तापाने चार दिवस आली नाही, तर महिनाअखेर आपण तिचे पैसे कापतो काय? तिलाही आजारी पडण्याचा अधिकार आहे की नाही, याचा निर्णय आपल्याच हाती असतो.