कलाकृति घडते कशी?

विद्यार्थ्यांनो, पूर्ण झालेलें चित्र आपण पाहतों. परंतु तें कसें घडत गेलें, हें त्यावरून क्वचितच कळतें. मग तें जाणूं इच्छिणारानें काय करावें? पाब्लो पिकासो याच्या 'गेर्निका' या सुमारें २५ फूट लांबीच्या चित्राचें उदाहरण घेऊं.

ता. २६ एप्रिल १९३७ रोजीं स्पेनमधील गेर्निका या गांवावर विमानांतून बाँबवर्षाव झाला. ता. १ मे रोजीं पिकासोनें पॅरिस येथें पहिलीं रेखाटनें केलीं. अशा बहुतेक रेखाटनांवर त्यानें तारीख घातली आहे. पुढें मोठ्या कॅनव्हासवर काम चाललें असतां डोरा मार या बाईंनीं त्याच्या निरनिराळ्या अवस्थांचीं छायाचित्रें घेतलीं. हीं साधनें क्रमानें लावून रुडॉल्फ आर्नहाइम या मानसशास्त्रज्ञानें १९६२ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रारंभीं चित्रांत वर उगारलेली मूठ होती. नंतर तिच्यांत धान्याची जुडी आली. अखेरीस तो उगारलेला हातच नाहींसा झाला. केवळ पूर्ण चित्र पाहणारास याचा पत्ताही लागला नसता.

तथापि सावधगिरी हवी. काय बदललें, हें रेखाटनें सांगतात. कां बदललें, हें सांगत नाहींत. तो आपला तर्क होय, आणि तर्कास तर्कच म्हणावें.

निबंधाचा कच्चा खर्डा आपण फाडून टाकतों. पालकही स्वच्छ वहीचेंच कौतुक करितात. यापुढें खर्ड्यावर तारीख घालून तो जपून ठेवावा. विचार कसा सुधारत गेला, याचा पुरावा त्या खोडाखोडींतच असतो.