झाडांचा निःश्वास, माणसांचा धूर

झाडे प्राणवायू देतात, हे आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. ती आणखीही काही हवेत सोडतात, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. १९८० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवताना रोनाल्ड रेगन यांनी हवेच्या प्रदूषणाचे खापर झाडांवर फोडले, तेव्हा त्यांची यथेच्छ टिंगल झाली. गंमत अशी, की त्यांच्या बोलण्यात अर्धे सत्य होते!

ते अर्धे सत्य म्हणजे आयसोप्रीन. नैसर्गिक रबर ज्याच्या कड्या जुळून बनते, तोच हा पदार्थ. अनेक झाडांच्या पानांतून तो वायुरूपाने बाहेर पडतो. ऊन चढले की वाढतो, अंधार पडला की थांबतो. उन्हाच्या तडाख्यातून पानांचे रक्षण व्हावे म्हणून ही सोय असावी, असे मानले जाते. जगभरची झाडेझुडपे वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन सोडतात. त्यात सिंहाचा वाटा उष्ण कटिबंधातल्या जंगलांचा.

डोळ्यांना न दिसणारा आणि काही तासांत हवेतच विरणारा हा वायू मोजायचा कसा? एखाद्या फांदीला पारदर्शक पिशवी बांधून आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा तपासता येते; पण एक फांदी म्हणजे जंगल नव्हे. म्हणून झाडांच्या शेंड्यांवर डोके काढणारा मनोरा उभारतात. त्यावरचे एक यंत्र वारा वर चालला आहे की खाली, हे सेकंदाला अनेकदा टिपते आणि दुसरे त्याच झुळकीतले आयसोप्रीन मोजते. वर जाणाऱ्या झुळकीत ते जास्त, खाली येणाऱ्या झुळकीत कमी. त्या फरकाचा हिशेब म्हणजे जंगलाचा निःश्वास.

२००८ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबाह राज्यात, अशी मोजणी केली. एकदा डानम खोऱ्यातल्या वर्षावनावर आणि एकदा जंगल तोडून लावलेल्या पामतेलाच्या मळ्यावर. मळा जंगलाच्या कितीतरी पट आयसोप्रीन सोडत होता.

मग मळ्यावरची हवा विषारी का नव्हती? रेगनसाहेबांचे उरलेले अर्धे चुकते ते इथे. एकट्या आयसोप्रीनपासून जमिनीलगतचा ओझोन, म्हणजे फुप्फुसांना आणि पिकांना जाचणारा वायू, फारसा तयार होत नाही. त्याला नायट्रोजनच्या ऑक्साइडांची जोड लागते. ती येतात वाहनांच्या नि कारखान्यांच्या धुरातून आणि खत घातलेल्या मातीतून. सबाहमध्ये ती तेव्हा बेताची होती, म्हणून दोन्हीकडचा ओझोनही बेताचाच भरला. ती युरोप-अमेरिकेतल्या पातळीला पोचली, तर ओझोन आरोग्याला घातक ठरेल, असा इशारा या संशोधकांनी २००९ मध्ये दिला.

ही गोष्ट वाटते तितकी दूरची नाही. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आपला भारत. फरसाण, बिस्किटे, अंगाचा साबण, कशात ते नसते? त्यातले बरेचसे येते इंडोनेशिया आणि मलेशियातून. आणि या पिकाची एक खोड आहे. घड उतरवल्यावर फळ एका दिवसात गिरणीत पोचावे लागते, नाहीतर तेल खराब होते. त्यामुळे गिरणी मळ्याच्या कुशीतच बांधतात. झाडांचे आयसोप्रीन, खताचा नायट्रोजन, मालमोटारींचा आणि गिरणीचा धूर, सगळे एकाच उन्हात.