अडगळीतले संगणक आणि औंढ्याची वेधशाळा

कोणत्याही जुन्या शाळेच्या किंवा कचेरीच्या मागच्या खोलीत डोकावले, तर मोडक्या बाकांच्या आणि विटलेल्या नकाशांच्या शेजारी चार-दोन संगणक धूळ खात पडलेले दिसतात. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद असते म्हणून ते टाकता येत नाहीत; आणि चालत नाहीत म्हणून वापरता येत नाहीत. केव्हातरी निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होतो, भंगारवाल्याचा टेम्पो येतो आणि वजनाच्या भावाने ते जातात. या व्यवहारात कोणाचे काही नुकसान झाले असे कोणालाच वाटत नाही. परंतु नुकसान होते. आणि हिंगोली जिल्ह्याला तर ते आज मुळीच परवडण्यासारखे नाही, असे आमचे प्रतिपादन आहे.

जुने घरगुती संगणक मिळवायचे, ते उघडून दुरुस्त करायचे आणि त्यांत नव्या काळाच्या सोयी बसवायच्या, हा छंद युरोप-अमेरिकेत चांगलाच रुजला आहे. वरवर पाहता ही नाणी किंवा तिकिटे जमवण्यासारखीच हौस वाटते. परंतु नाण्याला पुन्हा चालते करावे लागत नाही. संगणकाला करावे लागते, आणि ते करता करता माणूस जे शिकतो ते क्रमिक पुस्तकात सापडत नाही. हा छंद आपल्याकडे यावा असे म्हणण्याचे कारण तेच आहे.

घरगुती संगणकांचा काळ

घरगुती संगणक म्हणजे कळफलकाच्या पोटातच सारे यंत्र सामावलेला आणि घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडून चालणारा संगणक. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल १९८२ रोजी बाजारात आलेला सिंक्लेअर कंपनीचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ हा त्यांतला एक गाजलेला नमुना. झेड-८० हा प्रक्रियक, जास्तीत जास्त ४८ किलोबाइट स्मृती आणि आज्ञावली साठवण्यासाठी गाण्यांची साधी कॅसेट, एवढाच त्याचा संसार होता. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही याहून कितीतरी पट जागा लागते. पुढे याच यंत्राची भारतीय आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन काढली.

दुसरे यंत्र शाळांतून आले. १९८४ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ या नावाने ओळखली जाणारी संगणक-साक्षरतेची योजना हाती घेतली. आरंभी देशभरातील २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांच्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ हा ब्रिटिश संगणक घेण्यात आला. सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची भारतीय आवृत्ती ‘युनिकॉर्न’ या नावाने तयार केली. चपला बाहेर काढून संगणकाच्या खोलीत पाऊल टाकण्याचा जो शिष्टाचार एका पिढीच्या स्मरणात आहे, तो याच सुमाराचा.

आजचा हिंगोली जिल्हा तेव्हा परभणीचा भाग होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. येथील माळ्यांवर आणि अडगळीच्या खोल्यांत स्पेक्ट्रमपेक्षा नंतरच्या काळातले पेंटियम संगणक आणि वजनदार काचेचे मॉनिटरच सापडण्याचा संभव अधिक. त्याने बिघडत नाही. शोधाची रीत दोन्हीकडे एकच आहे. ती जुन्या यंत्रात अधिक स्पष्ट दिसते, इतकेच.

लक्षण आणि कारण

स्पेक्ट्रमचेच उदाहरण घेऊ. यंत्र सुरू केले, तर पडद्यावर नुसतेच काळे-पांढरे पट्टे उमटतात. नवखा माणूस तपासतो, त्याला स्मृतीची एखादी चिप निकामी झालेली आढळते, तो ती काढून नवी बसवतो. थोड्याच वेळात नवीही जाते. अनुभवी माणूस मात्र आधी मल्टिमीटर हाती घेतो. या यंत्रातील पहिल्या सोळा किलोबाइटच्या चिपांना तीन निरनिराळे दाब लागतात : अधिक पाच, अधिक बारा आणि उणे पाच व्होल्ट. हे दाब तयार करणाऱ्या छोट्या मंडलातला एक ट्रान्झिस्टर बिघडला, की उणे पाच व्होल्ट नाहीसे होतात आणि ते नसताना बारा व्होल्ट मिळाले की चिपा मरतात. मेलेली चिप हे लक्षण. कारण दुसरीकडेच आहे. एवढा एक धडा पंधरा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने गिरवला, तर लक्षण आणि कारण यांतला फरक त्याला जन्मभर विसरता येणार नाही.

‘बीबीसी मायक्रो’चा धडा वेगळा. बरीच वर्षे बंद असलेले हे यंत्र एकदम विजेला जोडले, तर पुष्कळदा काही मिनिटांत त्यातून उग्र वासाचा धूर निघतो. वीजपुरवठ्याच्या पेटीतील एका कपॅसिटरच्या वेष्टनाला कालांतराने तडे जातात, हवेतला ओलावा आत शिरतो आणि तो फुटतो. म्हणून जाणकार आधी तो बदलतात आणि मगच बटण दाबतात. नंतरच्या संगणकांत, घड्याळ चालू ठेवण्यासाठी बसवलेली छोटी बॅटरी झिरपते आणि भोवतालच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती काढायची, डाग पुसायचे, तुटलेल्या रेषेवर बारीक तार ठेवून डाख द्यायचा. डोळा, हात आणि धीर यांची यात खरी परीक्षा होते.

सुधारणेचे कामही असेच बोधप्रद आहे. कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड बसवता येते, दूरचित्रवाणीच्या वाहिनीऐवजी स्वच्छ चित्र देणारी जोडणी करता येते, भरपूर तापणाऱ्या जुन्या दाबनियंत्रकाच्या जागी थंड चालणारा नवा घालता येतो. मूळ यंत्राचा किती भाग राखावा आणि किती बदलावा, यावर छंदिष्टांत वाद आहेत, आणि ते देवळांच्या जीर्णोद्धारावरील वादांइतकेच चुरशीचे असतात. नंतरच्या संगणकांत तर सुधारणेचा थेट उपयोग होतो. जुनी फिरती डिस्क काढून तिच्या जागी एसएसडी बसवली, थोडी स्मृती वाढवली आणि लिनक्स घातले, की रद्दीत निघालेला संगणक पुन्हा टंकलेखन आणि हिशेब करू लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत देखभाल थांबली आणि चांगले चालणारे असंख्य संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. त्यांच्यापुढचा प्रश्न हाच आहे.

स्पेक्ट्रमविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्या वरच्या ३२ किलोबाइट स्मृतीसाठी कंपनीने, कारखान्यात अर्ध्या सदोष ठरलेल्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि त्यांचा चांगला अर्धा भाग तेवढा वापरला. ज्या यंत्राने एका पिढीला संगणक शिकवला, त्याच्या पोटातच टाकाऊ माल होता.

कल्याणच्या तबकड्या

टाकाऊतून उभे राहण्याची ही रीत विज्ञानाला कमीपणा आणणारी आहे, असे कोणास वाटत असेल, तर त्याने महाराष्ट्रातच घडलेला एक इतिहास आठवावा. १९५० च्या दशकात डॉ. गोविंद स्वरूप हे तरुण शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियात काम करीत होते. सिडनीजवळच्या पॉट्स हिल येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी उभारलेल्या, सहा फूट व्यासाच्या ३२ तबकड्या तेथील कामातून बाद होऊ लागल्या होत्या. त्या भारताला द्याव्यात, असे त्यांनी सुचवले, आणि त्या मिळाल्याही. पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली कल्याणजवळ त्याच तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली. या कामात घडलेल्या माणसांनी पुढे उटीची दुर्बीण उभारली, आणि नंतर नारायणगावाजवळ खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जीएमआरटी ही विशाल दुर्बीण. दुसऱ्याचे जुने यंत्र नीट समजून घेणाऱ्यालाच पुढे स्वतःचे नवे यंत्र रचता येते, हा या इतिहासाचा अर्थ आहे.

हिंगोलीला तो मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत आहे. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या उभारणीसाठी २,६०० कोटी रुपयांचा खर्च मंजूर केला. तिच्या काटकोनातील दोन बाहू प्रत्येकी चार किलोमीटर लांबीचे असतील, आणि त्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाहूनही सूक्ष्म असा बदल मोजण्याची तिच्याकडून अपेक्षा आहे. या वेधशाळेचे महत्त्वाचे भागही मूळचे दुसऱ्या ठिकाणासाठी घडलेले आहेत. अमेरिकेत हॅनफर्ड येथे एक जादा उपकरण बसवण्यासाठी ते तयार झाले होते आणि नंतर भारतासाठी राखून ठेवण्यात आले.

ज्योतिर्लिंगाच्या गावाशेजारी असे यंत्र येते आहे याचा अभिमान सर्वांनाच आहे. प्रश्न आहे तो त्या यंत्राशी येथील मुलांचे नाते काय असेल, हा. कुंपणाबाहेर उभे राहून पाहुण्यांच्या मोटारी मोजण्याचे, की आत जाऊन निर्वात नळ्या, विद्युत मंडले आणि संगणक सांभाळण्याचे? पदव्या लागतील, त्या अर्थातच मिळवाव्या लागतील. परंतु वेधशाळेला जितके सिद्धांत जाणणारे लागतात, तितकेच बिघाड शोधणारेही लागतात. आणि बिघाड शोधण्याची विद्या व्याख्यानाने येत नाही. हात फिरे तेथे लक्ष्मी वसे, असे आपली जुनी माणसे म्हणत. येथे हात फिरेल तेथे विद्या वसेल, असे म्हणायला हरकत नाही.

आक्षेप आणि उपाय

यावर आक्षेप निघतील. ही स्मरणरंजनाची हौस आहे, जुन्या यंत्रांना वीज जास्त लागते, सुटे भाग मिळत नाहीत, असे म्हटले जाईल. यात तथ्य आहे. १९७६ साली आलेल्या झेड-८० चिपचे मूळ रूपातील उत्पादन थांबवण्याचे तिच्या निर्मात्यांनी २०२४ साली जाहीर केले. परंतु सामान्य कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर आजही पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात आणि टपालानेही येतात. शिवाय प्रत्येक जुना संगणक वाचवावा, असे आमचे म्हणणेच नाही. दहा उघडावेत, त्यांतून दोन चालते करावेत आणि उरलेले शिकण्यासाठी व सुट्या भागांसाठी वापरावेत. धोक्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे. काचेच्या मॉनिटरमध्ये आणि वीजपुरवठ्याच्या पेटीत, तार काढल्यानंतरही जीवघेणा भार राहू शकतो. ती दोन्ही विद्यार्थ्यांनी उघडू नयेत. आरंभ कमी दाबावर चालणाऱ्या मंडलांपासून आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावा.

दुसरी अडचण कागदाची आहे. लेखापरीक्षणाच्या धास्तीने नोंदवलेल्या वस्तूला कोणी हात लावत नाही, आणि यात लिपिकाला दोष देणे अन्यायाचे होईल. जबाबदारी त्याच्या सहीवर असते. म्हणून वाट वरून निघाली पाहिजे. निर्लेखित संगणक भंगारात देण्यापूर्वी ते औद्योगिक प्रशिक्षण संस्था, तंत्रनिकेतन किंवा एखाद्या शाळेच्या विज्ञान मंडळाकडे शिक्षणासाठी सोपवण्याची तरतूद झाली, तर रजिस्टरही शाबूत राहील आणि विद्याही वाढेल. काळाचा कलही याच दिशेचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुनी उपकरणे पुन्हा वापरण्याजोगी करणाऱ्यांना वेगळे स्थान दिले आहे, आणि ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्राने २०२२ साली समिती नेमली होती. निरुपयोगी भाग उघड्यावर जाळण्याची पद्धत मात्र बंद झाली पाहिजे. तिच्यातून शिसे आणि विषारी धूर याखेरीज काही निघत नाही.

यासाठी मोठा निधी नको. एक रिकामी खोली, एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न, चार-सहा पेचकस आणि शनिवारची शाळा सुटल्यावरचे दोन तास पुरेत. पदार्थविज्ञानाचे शिक्षक आणि बाजारपेठेत रेडिओ, दूरचित्रवाणी संच व मोबाइल दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले कारागीर, या दोघांना एका टेबलाशी बसवावे. एकाला ओहमचा नियम पाठ असतो, दुसऱ्याला तो बोटांना ठाऊक असतो. औंढ्याची वेधशाळा कामाला लागेल तेव्हा आज आठवीत असलेली मुले नोकरीच्या वयाला येतील. त्यांच्यासाठी पुढच्या निर्लेखनाच्या यादीवर सही करण्याआधी मुख्याध्यापकांनी त्या मागच्या खोलीचे कुलूप एकदा उघडून पाहावे.