एचआयव्हीची शंका आहे? १०९७ फिरवा
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची ही मोफत हेल्पलाइन मराठीतही बोलते. तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र गाठा. समुपदेशन आणि रक्ततपासणी, दोन्ही विनामूल्य. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आधी तुमची संमती घेणं आणि अहवाल गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे, त्यामुळे ओळखीचं कुणी भेटेल या धास्तीने मागे फिरू नका.

कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. तडक रुग्णालयात जाऊन ‘पेप’ची विचारणा करा. ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू व्हायला हवीत. पुढे २८ दिवस रोज घ्यायची. लगेचची चाचणी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा: नवा संसर्ग चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात.